युक्रेनी कोण? युद्धाने दिलेले उत्तर आणि क्रिमियाचे तातार मुसलमान

सप्टेंबर २०२३ मध्ये, रशियाशी पूर्ण युद्ध पेटून दीड वर्ष झालेले असताना, युक्रेनने आपला संरक्षणमंत्री बदलला. नव्या मंत्र्यांचे नाव रुस्तम उमेरोव. जन्म उझबेकिस्तानातल्या समरकंद भागातला, कौम क्रिमियन तातार, धर्म इस्लाम. त्यांचे नाव पुढे करणारे राष्ट्राध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की ज्यू घराण्यातले. देशातली बहुसंख्य जनता मात्र ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. मुसलमानांचे प्रमाण तिथे साधारण एक टक्क्याच्या आसपास मानले जाते, ज्यू तर त्याहूनही कमी.

आपल्याकडे युक्रेन म्हटले की अजूनही पहिल्यांदा ‘ऑपरेशन गंगा’ आठवते. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे २२,५०० भारतीय तिथून परत आले, त्यात मेडिकलला गेलेली महाराष्ट्रातली बरीच मुले होती. ती मुले घरी आली आणि आपली नजर तिथून हटली. त्यानंतर टीव्हीवर युक्रेन म्हणजे फक्त रणगाडे, ड्रोन आणि नकाशावरच्या लाल-निळ्या रेषा. त्या रेषांच्या मागे एक वेगळीच गोष्ट घडत होती. एक अख्खा समाज स्वतःला विचारत होता : युक्रेनी म्हणजे नेमके कोण? युक्रेनी भाषा बोलणारा? युक्रेनी वंशाचा? चर्चमध्ये जाणारा? की जो या देशाबरोबर उभा आहे तो?

युद्धाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते बऱ्याच अंशी शेवटचे आहे. पण त्या उत्तराची किंमतही मोठी आहे, आणि ते उत्तर टिकेल की नाही याची खरी परीक्षा क्रिमियाच्या तातार मुसलमानांपाशी येऊन थांबते. म्हणून ही गोष्ट आपण नीट समजून घ्यायला हवी.

पासपोर्टवरची पाचवी ओळ

सोव्हिएत काळात प्रत्येक नागरिकाच्या अंतर्गत पासपोर्टवर ‘राष्ट्रीयत्व’ नावाचा एक रकाना असे. लोक त्याला ‘पाचवी ओळ’ म्हणत. तिथे रशियन, युक्रेनियन, ज्यू, तातार असे लिहिलेले असायचे. ही ओळख आई-बापाकडून मिळायची. तुम्ही कुठे राहता, कुणाशी इमान राखता, याचा तिच्याशी संबंध नव्हता. कॉलेजातला प्रवेश असो की नोकरीतली बढती, त्या एका ओळीमुळे अनेकांचे घोडे अडत असे.

२४ ऑगस्ट १९९१ ला युक्रेन स्वतंत्र झाला आणि त्याने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. त्या वेळी जो जो या भूमीवर राहत होता, त्याला वंश-भाषा न विचारता नागरिकत्व देऊ केले. त्याच वर्षी १ डिसेंबरला सार्वमत झाले, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. रशियन भाषिक डोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही ८० टक्क्यांहून जास्त. क्रिमियात सुमारे ५४ टक्के. १९९६ च्या संविधानाच्या प्रस्तावनेत ‘युक्रेनी जनता’ म्हणजे सर्व राष्ट्रीयत्वांचे नागरिक, अशी व्याख्या केली गेली.

कागद चांगला होता. पण समाज कागदावर चालत नाही. २००१ च्या जनगणनेत (स्वतंत्र युक्रेनची आजवरची ही एकमेव जनगणना) ७७.८ टक्के लोकांनी स्वतःला युक्रेनियन आणि १७.३ टक्क्यांनी रशियन म्हटले. मातृभाषा रशियन सांगणारे मात्र २९.६ टक्के होते. म्हणजे लाखो माणसे अशी, जी स्वतःला युक्रेनियन म्हणत आणि घरात रशियन बोलत. निवडणुका आल्या की पुढारी याच दरीत पाणी सोडायचे. पश्चिमेकडचे ‘खरे युक्रेनी’, पूर्वेकडचे ‘अर्धे रशियन’, अशी भाषा चालायची. खुद्द झेलेन्स्की क्रिवी रिह या औद्योगिक शहरात रशियन बोलत वाढले. २०१९ मध्ये ते सुमारे ७३ टक्के मतांनी निवडून आले, तेव्हा त्यांना पूर्व-पश्चिम दोन्हीकडून मते पडली. दरी लोक समजत होते तेवढी खोल राहिली नव्हती, याची ती एक खूण होती.

पुतिन यांचा हिशेब कुठे चुकला

जुलै २०२१ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी एक लांबलचक लेख लिहिला. रशियन आणि युक्रेनियन हे मुळात एकच लोक आहेत, असा त्याचा सूर. फेब्रुवारी २०२२ मध्ये फौजा घुसल्या तेव्हा हाच समज गृहीत धरलेला होता. जो रशियन बोलतो तो रशियाचा, असा सरळ हिशेब.

झाले उलटेच. पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त मार पडला तो खारकीव आणि मारिउपोल या शहरांवर. दोन्ही रशियन भाषिक. मारिउपोलमध्ये सुलतान सुलेमान आणि रोक्सोलाना यांच्या नावाची एक सुंदर मशीद आहे. तुर्की मालिकेमुळे आपल्या घरांत परिचित झालेली हुर्रम सुलतान म्हणजेच ही रोक्सोलाना, मूळची आजच्या युक्रेनच्या भूमीतली. मार्च २०२२ मध्ये वेढा पडला, तेव्हा तुर्की नागरिकांसह अनेक जण, बायका-मुलेसुद्धा, त्या मशिदीत आसरा घेऊन होते. खेरसन शहर रशियाने घेतले, तेव्हा तिथले लोक निळे-पिवळे झेंडे घेऊन बंदूकधारी सैनिकांसमोर चौकात उभे राहिले. त्यातले कितीतरी जण रशियन बोलणारेच होते.

कीव आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संस्था ही तिथली नावाजलेली सर्वेक्षण संस्था. तुम्ही स्वतःला सर्वांत आधी काय मानता, असा प्रश्न ती विचारते. आपल्या गावाचे, प्रांताचे, वंशाचे, की युक्रेनचे नागरिक? युद्धाच्या तोंडावर ‘युक्रेनचा नागरिक’ असे म्हणणारे सुमारे ६५ टक्के होते. जुलै २०२२ मध्ये ते सुमारे ८५ टक्क्यांवर गेले. रशियाच्या ताब्यात गेलेल्या भागांतल्या आणि परदेशी निघून गेलेल्या लोकांपर्यंत असे सर्वेक्षण पुरेसे पोहोचत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही एवढी मोठी उडी काही महिन्यांत होते, याचा अर्थ उघड आहे.

पण केवळ बॉम्ब पडले म्हणून माणसे नागरिक होत नाहीत. बॉम्ब पडल्यावर समाज फुटलेलेही आपण पाहिले आहेत. युक्रेनमध्ये जमीन आधीच नांगरलेली होती. २०१३-१४ च्या मैदान आंदोलनानंतर आणि डोनबासमधल्या लढाईनंतर तिथे स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली. सैन्याकडे बूट नव्हते, औषधे नव्हती, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ती पोचवली. त्याच सुमारास सत्तेच्या विकेंद्रीकरणाला सुरुवात झाली. गावे एकत्र करून ‘ह्रोमादा’ नावाच्या स्थानिक स्वराज्य संस्था उभारल्या गेल्या. २०२० पर्यंत त्यांची संख्या १,४०० च्या वर गेली. कराचा मोठा वाटा त्यांच्या हाती राहू लागला. आपली शाळा, आपला रस्ता, आपला दवाखाना याचा निर्णय आपण घेतो, ही सवय लागली. २०२२ मध्ये कीवमधून आदेश येण्याची वाट न पाहता गावोगावी लोक कामाला लागले, त्याचे कारण ही सवय होती. देश आपला आहे ही भावना भाषणांतून येत नाही. देशाच्या कामात हात घातल्यावर ती येते.

तातार : सतत परकी ठरवलेली कौम

आता तातारांकडे वळू. क्रिमियन तातार ही सुन्नी मुस्लिम कौम. काळ्या समुद्रातल्या क्रिमिया द्वीपकल्पावर शतकानुशतके त्यांची खानत होती. बख्चीसरायला त्यांच्या खानांचा राजवाडा आजही आहे. १७८३ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने क्रिमिया गिळंकृत केला आणि तातारांची हिजरत सुरू झाली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लाखो तातार उस्मानी सल्तनतीकडे निघून गेले.

युक्रेनियन आणि तातार यांचे संबंध इतिहासात काही गोडीगुलाबीचे नव्हते. खानांच्या घोडेस्वारांनी युक्रेनच्या गावांवर छापे घालून माणसे गुलाम म्हणून नेली. रोक्सोलानाही अशीच नेली गेली, असे मानले जाते. दुसरीकडे १६४८ मध्ये कोसॅक सरदार बोहदान ख्मेलनीत्स्की पोलंडविरुद्ध उठला, तेव्हा क्रिमियाचा खान इस्लाम गिराय त्याच्या बाजूने होता. म्हणजे इतिहासात वैरही आहे आणि मैत्रीही. त्यातले काय उचलायचे, हे प्रत्येक पिढी ठरवते.

१८ मे १९४४ हा तातारांचा काळा दिवस. नाझी जर्मनीला मदत केल्याचा ठपका स्तालिनने अख्ख्या कौमवर ठेवला. दोन-तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसे मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात पाठवण्यात आली. वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत हजारो मेली. इथे एक गोष्ट विसरू नये. त्याच वेळी हजारो तातार जवान सोव्हिएत लाल सैन्यातून जर्मनांशी लढत होते. तातार आईचा मुलगा, वैमानिक आमेत-खान सुलतान, याला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब दोनदा मिळाला. आघाडीवरून परतलेल्या तातार सैनिकांना मात्र घरी कुणी नव्हते. त्यांनाही जलावतन केले गेले. छातीवर पदके होती, पण पाचव्या ओळीत ‘तातार’ लिहिलेले होते.

त्या काळात त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मोजक्या बाहेरच्या लोकांत एक युक्रेनियन होता. जनरल पेत्रो ह्रिहोरेन्को. तातारांना घरी जाण्याचा हक्क आहे, असे हा सोव्हिएत जनरल उघडपणे बोलला. १९६९ मध्ये ताश्कंदला त्याला अटक झाली आणि वेडा ठरवून मनोरुग्णालयात डांबले गेले. तातारांचे नेते मुस्तफा जमिलेव यांना तान्ह्या वयात हद्दपारी सोसावी लागली. पुढे सोव्हिएत तुरुंग आणि छावण्यांत त्यांची कित्येक वर्षे गेली. १९७०च्या दशकात त्यांनी केलेले उपोषण ३०३ दिवस चालले, त्यांना बळजबरीने अन्न दिले जात होते. दोन समाजांचा आजचा विश्वास अशा माणसांनी पेरलेला आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी तातार परत येऊ लागले. १९९१ मध्ये त्यांची ‘कुरुलताई’ म्हणजे प्रतिनिधी सभा भरली आणि ‘मजलिस’ ही निवडलेली संस्था स्थापन झाली. पण परतलेल्यांना जमीन मिळेना, घर मिळेना, नोकरी मिळेना. कीवच्या सरकारला बरीच वर्षे त्यांचे फारसे सोयरसुतक नव्हते. हेही स्पष्ट लिहायला हवे.

चित्र बदलले ते २०१४ मध्ये. २६ फेब्रुवारीला सिम्फेरोपोलमध्ये क्रिमियाच्या संसदेसमोर हजारो तातार युक्रेनचा झेंडा घेऊन जमले. तिथे युक्रेनचा झेंडा सर्वांत घट्ट धरणाऱ्यांत हे मुसलमान पुढे होते. रशियाने घेतलेल्या १६ मार्चच्या तथाकथित सार्वमतावर मजलिसने बहिष्कार टाकला. त्यानंतर चारच दिवसांनी, २० मार्चला, युक्रेनच्या संसदेने तातारांना ‘मूळनिवासी लोक’ म्हणून मान्यता दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये १९४४ च्या हद्दपारीला वंशसंहार म्हटले. २०१६ मध्ये जमाला या तातार गायिकेने त्याच हद्दपारीवरचे गाणे घेऊन युक्रेनच्या वतीने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. जुलै २०२१ मध्ये मूळनिवासी लोकांचा स्वतंत्र कायदा झाला. तेवीस वर्षे रखडलेले काम क्रिमिया हातचा गेल्यावर सात वर्षांत झाले, हा त्यातला कडू भाग.

रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियात काय चालले आहे? २०१६ मध्ये मजलिसला ‘अतिरेकी’ ठरवून बंदी घातली गेली. जमिलेव यांना स्वतःच्या वतनात पाऊल ठेवायला मनाई झाली. ‘हिज्ब उत-तहरीर’ ही संघटना युक्रेनमध्ये बेकायदा नाही, रशियात मात्र ती दहशतवादी यादीत आहे. तिचे सदस्य असल्याचा आरोप ठेवून कित्येक तातारांना वीस-वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. मजलिसचे उपाध्यक्ष नरिमान जेल्याल यांना १७ वर्षांची शिक्षा झाली होती. जून २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा मजलिसवरचे निर्बंध थांबवण्याचा आपला आधीचा आदेश रशियाने मोडल्याचे नमूद केले. मात्र त्याच निकालात मजलिसबंदीला वंशभेदाच्या कराराचा भंग म्हणायला न्यायालयाने नकार दिला. तातारांसाठी हा अर्धाच न्याय होता.

मुफ्ती रुग्णवाहिकेवर, आणि डुकराच्या चरबीची गोळी

सईद इस्माईलोव हे ‘उम्मा’ या युक्रेनी मुस्लिम धार्मिक मंडळाचे २००९ पासूनचे मुफ्ती. जन्म डोनेत्स्कचा. २०१४ मध्ये त्यांना ते शहर सोडावे लागले. २०२२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा त्यांनी मुफ्तीपद सोडले आणि जखमी सैनिकांना नेणाऱ्या गाडीचे चालक म्हणून आघाडीवर गेले. युक्रेनच्या फौजेत मुस्लिम जवानांसाठी इमामही काम करतात. एप्रिल २०२३ च्या रमजानमध्ये झेलेन्स्की यांनी तातार नेते आणि मुस्लिम सैनिकांसोबत इफ्तार केली आणि ही दरवर्षीची परंपरा राहील, असे जाहीर केले.

पण याला ‘मुसलमान विरुद्ध रशिया’ असा रंग देणे चुकीचे ठरेल. रशियाच्या बाजूनेही मुसलमान मोठ्या संख्येने लढत आहेत. रमजान कादिरोव यांचे चेचेन दस्ते तर पहिल्या दिवसापासून चर्चेत राहिले. त्याच चेचेन कौमचे दुसरे लोक शेख मन्सूर आणि जोखर दुदायेव यांच्या नावाच्या तुकड्यांतून युक्रेनच्या बाजूने लढले. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने सक्तीची भरती काढली, तेव्हा दागिस्तानच्या मखाचकला शहरात मुस्लिम बायका रस्त्यावर उतरल्या. ताब्यातल्या क्रिमियातही तातार तरुणांच्या हाती भरतीचे कागद पडले. म्हणजे एकाच कौमचा एक भाऊ इकडे, दुसरा जबरदस्तीने तिकडे.

युक्रेनची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या नॅशनल गार्डने एक व्हिडिओ प्रसारित केला. अझोव तुकडीतला एक जण गोळ्यांना डुकराची चरबी लावतोय आणि चेचेन मुसलमानांना उद्देशून शिवीगाळ करतोय. सरकारी संस्थेने हे पसरवावे, ही लाजिरवाणी गोष्ट होती. त्याच दिवसांत सीमेवर आफ्रिकी आणि आशियाई विद्यार्थ्यांना मागे ढकलल्याच्या तक्रारी आल्या. भारतीय मुलांनीही असे अनुभव सांगितले. नागरिकत्वाची भाषा वर बोलली जात असताना खाली जुना वंशभेद जिवंत होता. मुफ्ती गाडी चालवतोय आणि कुणी चरबी लावतोय, दोन्ही एकाच देशात, एकाच वर्षात घडले.

सरकारला विरोध, देशाला नाही

ओळख खरी नागरी आहे की नुसती युद्धज्वराची, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. युद्ध चालू असताना सरकारला जाब विचारता येतो का? विचारणाऱ्याला गद्दार म्हणतात का?

२२ जुलै २०२५ ला युक्रेनच्या संसदेने भ्रष्टाचारविरोधी ब्युरो आणि विशेष अभियोक्ता कार्यालय यांचे स्वातंत्र्य काढून घेणारा कायदा केला. झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी सही केली. संध्याकाळी कीवमध्ये तरुण मुले-मुली पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर घोषणा लिहून रस्त्यावर आली. ल्वीव, ओडेसा आणि इतर शहरांतही. रात्री ड्रोन येत होते, दिवसा निदर्शने होत होती. गर्दीत सुट्टीवर आलेले, हात-पाय गमावलेले सैनिकही होते. ३१ जुलैला संसदेने तो कायदा फिरवला. सरकार वेगळे आणि देश वेगळा, हा फरक त्या पोरांना कुणी शिकवावा लागला नाही.

उमेरोव यांच्याही वाट्याला हेच आले. शस्त्रखरेदीच्या वादात २०२५ च्या सुरुवातीला याच ब्युरोने त्यांच्याविरुद्ध चौकशी उघडली. टीका झाली ती खरेदीच्या कारभारावर. अल्पसंख्याक समाजाचा मंत्री देशाची शान म्हणून फक्त मिरवला जात असेल, तर तो अजून पाहुणाच असतो. त्याच्या कामाचा हिशेब इतरांसारखाच मागितला जातो, तेव्हा तो घरचा होतो.

युद्ध जे मागते ते

आता दुसरी बाजू. युद्ध माणसांना जोडते तसे कापतेही.

भाषेचेच बघा. २०१९ च्या कायद्याने सरकारी आणि सार्वजनिक व्यवहारात युक्रेनी भाषा सक्तीची झाली. २०२२ नंतर लाखो रशियन भाषिकांनी स्वखुशीने घरातसुद्धा भाषा बदलली. आक्रमकाची भाषा तोंडात नको वाटते, ही भावना समजू शकते. पण ज्या आजीला दुसरी भाषाच येत नाही, जिचा नातू याच देशासाठी मेला, तिच्याकडे दुकानात कुणी वाकड्या नजरेने पाहिले, तर तिने काय करावे? पुश्किनचे पुतळे हटले, रस्त्यांची नावे बदलली. नाताळ ७ जानेवारीऐवजी २५ डिसेंबरला साजरा करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला.

धर्माच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये रशियन चर्चशी संबंध असलेल्या धार्मिक संघटनांवर बंदी आणण्याचा कायदा झाला. मॉस्कोचे धर्मप्रमुख किरिल यांनी युद्धाला उघड आशीर्वाद दिला आहे, त्यामुळे युक्रेनचा संताप खोटा नाही. पण त्या परंपरेतल्या युक्रेनी चर्चला मानणारे लाखो साधे लोक आहेत, त्यांची मुलेही युक्रेनच्या फौजेत आहेत. एका संस्थेच्या पुढाऱ्यांचा गुन्हा तिच्या सगळ्या भाविकांच्या माथी मारला जाणार का? अख्ख्या कौमवर ठपका ठेवला की काय होते, हे १९४४ पासून तातारांना चांगले ठाऊक आहे.

मार्च २०२२ मध्ये शत्रूशी ‘सहकार्य’ करण्याविरुद्ध कडक कायदा आला. हेरगिरी करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण रशियाच्या ताब्यातल्या गावात शाळा चालू ठेवणारा शिक्षक किंवा नगरपालिकेचा कारकून गुन्हेगार धरायचा का, यावर मानवी हक्कांचे काम करणारे वाद घालत आहेत. क्रिमियात तर तातार दहा वर्षांहून अधिक काळ रशियन पासपोर्टखाली जगत आहेत. उद्या क्रिमिया परत मिळाला, तर त्यांच्यातला कोण ‘सहकारी’ आणि कोण ‘नागरिक’, हे कोण ठरवणार?

शिवाय ओझे सर्वांवर सारखे नाही. लढण्याच्या वयातल्या पुरुषांना देश सोडायला मनाई केली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना त्यातून सूट मिळाली. भरतीचे किमान वय २०२४ मध्ये २७ वरून २५ करण्यात आले. साठ लाखांच्या आसपास लोक परदेशात निर्वासित आहेत. जो लढला, जो देशातच विस्थापित झाला, जो जर्मनीत गेला आणि जो ताब्यातल्या भागात अडकला, या चौघांचे युद्ध वेगवेगळे आहे. उद्या यातला कोण जास्त युक्रेनी, हा नवा झगडा उभा राहू शकतो.

आपल्या मनातला प्रश्न

अनेक वाचकांच्या मनात एक प्रश्न असेल. युक्रेनच्या निर्वासितांसाठी युरोपने दारे सताड उघडली, सीरियाच्या निर्वासितांसाठी काटेरी तारा लावल्या. गाझातल्या मुलांसाठी तर जगाचा आवाज बसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये झेलेन्स्की यांनीही इस्रायलला पाठिंबा जाहीर केला होता. मग या युद्धाशी आपले काय?

हा दुटप्पीपणा खरा आहे आणि तो पुन्हा पुन्हा बोलला पाहिजे. पण त्याची शिक्षा तातार कैद्याच्या बायकोला का? पाश्चात्त्य सरकारांचा ढोंगीपणा मॉस्कोच्या जुलमाला हलाल करत नाही. जबरदस्तीने बळकावलेली जमीन, बेघर केलेली माणसे, बंद केलेली मजलिस, हे सगळे आपल्याला पॅलेस्टाईनमध्ये दिसते आणि क्रिमियात दिसत नसेल, तर आपलीही नजर एकडोळी आहे. सूरह अल-हुजुरातने कौमा आणि कबिल्यांना एकमेकांच्या ओळखीचे साधन मानले, मोठेपणाचे नाही. इन्साफचे मापही कौम बघून बदलायचे नसते.

शांततेच्या टेबलावर क्रिमिया

२०२५ मध्ये इस्तंबूलला रशिया-युक्रेन बोलणी झाली, तेव्हा युक्रेनच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व उमेरोव यांनी केले. त्याच वर्षी अमेरिकेने पुढे केलेल्या शांतता प्रस्तावांत क्रिमिया रशियाकडेच राहील, अशा अर्थाची कलमे होती. १९४४ च्या हद्दपारीमुळे ज्यांचा जन्म वतनाबाहेर झाला, त्या माणसासमोर त्याच वतनाचा सौदा मांडला जात होता.

तातारांची दुसरी मागणीही जुनीच आहे. क्रिमियाला तातार लोकांची राष्ट्रीय स्वायत्तता म्हणून संविधानात जागा द्या. आश्वासने मिळाली, संविधान अजून बदललेले नाही. युद्धात इफ्तार देणे सोपे आहे. शांततेत हक्क देणे अवघड असते, कारण तेव्हा गरज संपलेली असते.

युद्धाने युक्रेनी समाजाला एक मोठी गोष्ट दिली : देशावर हक्क सांगण्यासाठी वंश आणि धर्म पुरेसा नाही आणि आवश्यकही नाही. पण रक्त सांडून मिळालेल्या मान्यतेवर विसंबून राहता येत नाही, हे तातारांइतके कुणाला माहीत असणार? लाल सैन्यातल्या त्यांच्या आजोबांनीही रक्त सांडले होते. पदके पेटीत राहिली आणि मालगाडी दारात आली. नागरिकत्व हे शौर्याचे बक्षीस नसते. लढलेल्याचे, न लढू शकलेल्याचे, रशियन बोलणाऱ्या आजीचे आणि क्रिमियात अडकलेल्या तातार शिक्षकाचे ते सारखेच असायला हवे, आणि ते कायद्यात लिहिलेले हवे. तोफा थंडावल्यावर कीव हे लिहिते का, यावर युक्रेनने स्वतःला काय बनवले ते ठरेल.